डाव्या कानाची नोंद

१

कानवालीचा लॅपटॉप सुरू होईपर्यंत तिचा सकाळचा चहा पिऊन, कप विसळून पालथा घालून व्हायचा. लॅपटॉप अकरा वर्षांचा. त्याचं झाकण एका बिजागरीवर तरलेलं, एक-दोन कळा दोनदा दाबल्याशिवाय उमटत नसत, आणि बॅटरी तर नुसती नावाला होती. तरी त्याला ती कुणाला हात लावू द्यायची नाही. नाक-कान-घशाच्या एका दवाखान्यात मागच्या अंगाला तिची काचेची खोली होती. लोकांचे कान तपासायचे, ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्या कानात यंत्र बसवायचं आणि ते यंत्र लॅपटॉपला जोडून ज्याच्या त्याच्या मापाने लावून द्यायचं, हे तिचं काम. पेशंट तिला कानवाली बाई म्हणत. पुढे सगळ्यांनीच 'बाई' गाळलं आणि ती नुसती कानवाली झाली.

गेले तीन आठवडे पडद्यावर रोज सकाळी तीच पाटी झळकत होती. तुमच्या सिस्टीमची मुदत या महिनाअखेरीला संपत आहे, अपग्रेड करा. खाली दोन चौकोन, 'आता' आणि 'नंतर'. कानवाली 'नंतर' दाबायची आणि पहिल्या पेशंटला आत बोलवायची.

या विषयावर दवाखान्यात मत नाही असा माणूस नव्हता. मोठे डॉक्टर, म्हणजे ज्यांचा दवाखाना ते, म्हणायचे की मुदत संपलेल्या सिस्टीमवर पेशंटची माहिती ठेवणं म्हणजे दार सताड उघडं टाकून गावाला जाणं. संगणक बघायला महिन्यातून एकदा एक माणूस यायचा. कुठल्याही दुखण्यावर त्याचं औषध एकच, बंद करून परत सुरू करा, म्हणून सगळे त्याला रीस्टार्ट म्हणत. रीस्टार्टला वाटायचं की एवढं मोठं ऑपरेशन या वयात लॅपटॉपला झेपेल न झेपेल, पण केल्याशिवाय गत्यंतर नाही. कानवाली सगळ्यांचं ऐकून घ्यायची, मान डोलवायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'नंतर'.

हट्ट नव्हता तो. एका जुन्या कंपनीची यंत्रं लावायचा प्रोग्रॅम नव्या सिस्टीमवर चालणार नव्हता, आणि कंपनीने ती यंत्रं करणं कधीच सोडून दिलं होतं. एकेक करून तिचे सगळे पेशंट नव्या यंत्रांवर गेले होते. तो जुना प्रोग्रॅम आता एका माणसासाठी जिवंत ठेवलेला होता, आणि तो माणूस म्हणजे तिचे वडील.

२

महिना संपायला आठ दिवस उरले तेव्हा रीस्टार्टने तिला बजावलं, की जुन्या प्रोग्रॅममधलं काही जपून ठेवायचं असेल तर आधी छापून घ्या, नंतर मागे फिरता येणार नाही. म्हणून एके दिवशी तिने वडिलांची दोन्ही यंत्रं साफ करायच्या निमित्ताने दवाखान्यात आणली आणि जोडली. लाल वायर उजव्याला, निळी डाव्याला.

खरं सांगायचं तर वर्षभरात तिने वडिलांची नोंद उघडूनच बघितली नव्हती. दुसऱ्यांच्या कानांसाठी दहा वेळा फोन करणारी बाई, पण घरी दिव्याखाली अंधार. तिला स्वतःचीच लाज वाटली.

असं यंत्र आपली एक नोंद ठेवत असतं. दिवसाला किती तास कानात होतं, त्यातला किती वेळ शांतता होती, किती वेळ गोंगाट, किती वेळ बोलणं. कोण काय बोललं ते त्याला कळत नाही. पण पंखा कुठला आणि माणसाचं बोलणं कुठलं एवढं त्याला कळतं. वडिलांच्या पूर्वीच्या नोंदी तिला पाठ होत्या. दहा तासांपैकी आठ तास शांतता, कारण घरात दोघंच, आणि ती सकाळी नवाला बाहेर पडायची ती सहाला परतायची.

पडद्यावर आकडा आला. बोलणं, रोज सरासरी सहा तास दहा मिनिटं.

रेडिओ लावत असतील, असं म्हणून ती छापायला लागणार होती. पण दोन कानांची नोंद वेगवेगळी दिसते. उजव्या कानाला ते बोलणं पुसट पोचत होतं. डाव्याला मोठ्याने. माणूस स्वतःशी पुटपुटला तर त्याचा आवाज दोन्ही कानांना सारखाच जातो, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं. रेडिओ खिडकीत होता, म्हणजे वडिलांच्या खुर्चीच्या उजवीकडे. डावीकडे भिंत होती. वारा लागू नये म्हणून कानवालीनेच ती खुर्ची भिंतीला सरकवून ठेवली होती. खुर्ची आणि भिंत यांच्यामध्ये फार तर वीतभर जागा असेल.

तिला हायसं वाटेल असं एकच कारण सुचलं. वायरी उलट्या लागल्या असणार. या धंद्यात घाईघाईत लाल-निळ्याची अदलाबदल कोण करत नाही! तिने दोन्ही यंत्रं काढली, त्यांच्यावरचे लाल-निळे ठिपके बघितले, नंबर पडताळले. वायरी बरोबर होत्या.

मग तिने महिन्यांचा आलेख उघडला. डाव्या कानातलं बोलणं महिन्या-महिन्याला थोडं मोठं होत गेलं होतं. बोलणारा आवाज चढवत होता, नाहीतर जवळ येत होता. यातलं काय ते यंत्र सांगू शकत नाही.

३

जेवताना तिने वडिलांना सहज विचारल्यासारखं विचारलं, की दुपारचं कुणी येतं का. त्यांनी हसून सांगितलं की या वयात म्हाताऱ्याकडे येणारा एकच पाहुणा असतो, आणि तो अजून पत्ता विचारतोय. ते असे बोलायला लागले की विषय संपायचा.

खरं म्हणजे त्यांचं ते हसणं ऐकून तिला बरंच वाटायचं. यंत्र नव्याने लावायच्या आधीची दोन वर्षं त्यांनी फार वाईट काढली होती. ऐकू येत नाही म्हणून बोलणं सुटलं, मग हसणं सुटलं, मग दाढी करणंही. माणूस घरात असून नसल्यासारखा. गेल्या वर्षी तिने यंत्र नव्याने लावून दिलं, आणि त्यानंतर हळूहळू ते परत माणसांत आले. रोज दाढी, इस्त्रीचा शर्ट, स्वयंपाकघरात येऊन मीठ कमी-जास्त सांगणं. हे आपण केलं असं तिला वाटायचं, आणि त्याचा तिला अभिमानही होता. आता जेवता जेवता तिच्या मनात आलं, घरी बसून इस्त्रीचा शर्ट कुणासाठी?

दुसऱ्या दिवशी तिने डोकं दुखल्याचं सांगून दुपारी एकलाच दवाखाना सोडला. चपला जिन्यातच काढल्या. किल्ली हळू फिरवली. आपण आपल्याच घरात चोरासारखे शिरतोय हे जाणवून तिचं तिलाच हसू आलं, आणि दार लोटल्यावर ते ओठांवरच थांबलं.

वडील बोलत होते. रेडिओ बंद होता. ते एखादं वाक्य बोलायचे, थांबायचे, 'हं' म्हणायचे, परत बोलायचे. मधली थांबणी सारखी नव्हती. कधी लहान, कधी बरीच लांब, समोरच्याला जेवढं सांगायचं असेल तेवढी. एकदा ते खळखळून हसले. तसे ते तिच्याशी बोलताना कधी हसले नव्हते.

"नाही, ती सहाला येते," ते म्हणाले. मग बरीच लांब शांतता. "आज? आज कशी येईल?"

कानवाली अनवाणी, दाराच्या मुठीवर हात ठेवून उभी होती. तिने श्वाससुद्धा घेतला नव्हता.

"ठमे, आलीस का गं?" आतून हाक आली. लहानपणापासून ते तिला ठमीच म्हणत.

ती खोलीत गेली. वडील खुर्चीत ताठ बसले होते, चेहऱ्यावर लपवाछपवी नव्हती, उलट तिला बघून ते खुललेच. फक्त त्यांचा डावा हात खुर्चीच्या हातावर नव्हता. तो त्यांनी मांडीवर आवरून घेतला होता, बसमध्ये शेजारी कुणी बसलं की आपण घेतो तसा.

"कोणाशी बोलत होतात बाबा?"

"स्वतःशी. म्हातारपणी तेवढाच एक श्रोता उरतो."

इथे ओल येते, खुर्ची आपण खिडकीपाशी घेऊ, असं ती म्हणाली आणि तिने खुर्चीच्या पाठीला हात लावला. वडिलांनी तिचं मनगट धरलं. जोरात नाही, पण धरलं.

"राहू दे," ते म्हणाले. "आत्ताच कुठे नीट बसतंय सगळं."

४

कानवालीच्या मनात एक गोष्ट होती, ती तिने कुणाला सांगितलेली नव्हती.

वडिलांना वरच्या पट्टीतलं काहीच ऐकू यायचं नाही. बारीक आवाज, शिट्टी, 'स' आणि 'श', सगळं गेलेलं. अशा माणसांसाठी यंत्रात एक सोय असते. न ऐकू येणारे उंच आवाज पकडून ते खाली ओढायचे, जिथे कान अजून शाबूत आहे तिथे. किती वरून ओढायचं यासाठी प्रोग्रॅममध्ये एक सरकपट्टी असते आणि पट्टीवर एक पिवळी रेघ. रेघेपलीकडे जायचं नाही, असं शिकवतात. गेल्या वर्षी एका दुपारी वडील तिच्यासमोर बसले होते, ती रेघेपर्यंत आली होती, आणि ते अजूनही तिच्याकडे त्याच कोऱ्या चेहऱ्याने बघत होते. तिने पट्टी रेघेपलीकडे सरकवली. प्रोग्रॅमने एकदा विचारलं, खात्री आहे का. तिने 'हो' दाबलं आणि पट्टी पार टोकाला नेली.

"अरेच्चा," वडील म्हणाले होते. "आता येतंय." आणि त्यांनी मान वळवली होती. तेव्हा तिला वाटलं, रस्त्यावरच्या गाडीकडे वळवली.

नव्या प्रोग्रॅममध्ये ती पट्टी रेघेपाशीच अडते. पुढे जाताच येत नाही. म्हणजे अपग्रेड केलं की बापाला जे ऐकू येतंय ते परत कधी लावून देता येणार नाही, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. 'नंतर' दाबण्यामागे तेच होतं. आता त्याच बोटाला 'आता' दाबायची घाई झाली होती, आणि दोन्हीचं कारण एकच.

तिने डोकं ठिकाणावर ठेवायचा प्रयत्न केला. माणसाला ऐकू येत नाही त्याच्याही वर काय असतं? वटवाघळं, यंत्रांची किणकिण. बोलणं नसतं. आणि या यंत्राचा माईक मुळात तेवढ्या वरचं पकडतच नाही. नोंद ठेवणारी चिप जुनी झाली असेल. वडील एकटेपणाला कंटाळून गप्पा मारायचा खेळ खेळत असतील. हात आवरून घेतला तो सांधा दुखतो म्हणून. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय! आईचा भास होत असता तर एक वेळ तिने समजून घेतलं असतं. पण आईला जाऊन वीस वर्षं झाली होती, आणि वडील आईशी कधी इतकं बोललेच नव्हते.

रीस्टार्टला तिने फोन करून विचारलं, अपग्रेडला किती वेळ लागेल. दीड तास, तो म्हणाला, पण नीट ठरवून करा, मधेच थांबवायचं नाही.

५

रविवारी अकराला वडील अंघोळीला गेले. यंत्रं त्यांनी नेहमीप्रमाणे काढून तिपाईवरच्या डबीत ठेवली.

प्रत्येक कानवाल्याकडे एक नळी असते. डॉक्टर छाती तपासायला वापरतात तशी, फक्त टोकाला चकतीऐवजी रबराची बारीक टोपी. यंत्र तिच्यात अडकवायचं, दुसरी टोकं आपल्या कानात घालायची, की पेशंटला जे ऐकू येतं ते आपल्याला ऐकू येतं. कानवाली रोज दहा-बारा वेळा हे करायची. त्या दिवशी तिने डावं यंत्र नळीला अडकवलं.

ती वडिलांच्या खुर्चीत बसली. खोलीत ऊन होतं. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता आणि यंत्रातून तो पत्र्यावर वाळू टाकल्यासारखा येत होता. तिच्या ओढणीची सळसळ, डोक्यावरचा पंखा, घड्याळ, खाली कुणीतरी गाडी सुरू केली ती. सगळं जसं यायला हवं तसंच येत होतं. तिचा जीव भांड्यात पडला. यंत्र बरं आहे, बाबाही बरे आहेत, आपणच वेड्या, असं ती मनात म्हणाली, आणि उगाचच, झालंच आहे तर पूर्ण करावं म्हणून, तिने यंत्र भिंतीकडे धरलं.

आधी काही नव्हतं. मग पंख्याच्या आवाजाखालून, अगदी शांत लयीत, कुणीतरी बोलत होतं.

शब्द कळत नव्हते. चाल कळत होती. वाक्याच्या शेवटी आवाज जरासा वर जायचा, म्हणजे प्रश्न होता. मग थांबायचं. उत्तराला पुरेल एवढं थांबून परत तोच प्रश्न, त्याच शांतपणे, न कंटाळता. बाईचा आवाज होता असं तिला वाटलं, पण त्याची तिला शपथ घेता आली नसती. तो म्हाताराही नव्हता, तरुणही नव्हता. कान सवयीने काम करत राहिला आणि तिने अंतर मोजलं. वीतभर. कदाचित तेवढंही नाही.

तिच्या तोंडून काहीतरी निघालं, शब्द नव्हे, नुसता हुंकार.

बोलणं थांबलं. फोनवर आपण एकाशी बोलत असावं आणि मधेच कळावं की पलीकडे रिसीव्हर दुसऱ्याच कुणी घेतलाय, तसं ते वाक्याच्या मधोमध थांबलं. मग श्वास आत घेतल्याचा आवाज आला. आणि तो सोडल्याचा आला नाही.

कानवालीनेही श्वास धरला होता. ती तशीच बसून राहिली, भिंतीकडे न बघता, न्हाणीघरातलं पाणी बंद होईपर्यंत.

६

तिने ठरवलं. आणि ठरवताना स्वतःशी खोटं बोलली नाही, एवढं तिच्या बाजूने सांगायला हवं. भीती तर होतीच, पण भीतीच्या खाली आणखी एक गोष्ट होती आणि ती तिला झोंबत होती. वडील तिच्याशी दिवसाला मोजून वीस मिनिटं बोलायचे आणि तिथे सहा तास. तिला हेवा वाटत होता. जे काय आहे ते बापाला तिच्यापासून घेऊन चाललं होतं, आणि त्याला दार तिनेच उघडून दिलं होतं.

सोमवारी सकाळी, वडिलांनी यंत्रं घालायच्या आत, तिने कागदावर लिहून त्यांना दाखवलं, की यंत्रं दुरुस्तीला नेतेय, परत यायला आठ दिवस लागतील, तोवर काही ऐकू येणार नाही. ते भांडतील म्हणून तिने दहा उत्तरं तयार ठेवली होती. वडिलांनी कागद वाचला आणि डबी स्वतःहून तिच्या हातात दिली.

"ने की," ते म्हणाले. "माझं काही अडत नाही."

दवाखान्यात तिने आधी यंत्रं जोडली आणि सरकपट्टी टोकावरून मागे आणली, पिवळ्या रेघेच्याही बरीच अलीकडे. जतन केलं. मग बाकीच्या पेशंटची माहिती दुसरीकडे उतरवल्याची खात्री केली, पहिल्या दोन पेशंटना दुपारी बोलावलं, आणि 'आता' दाबलं.

पडदा काळा झाला. मधोमध आकडे चढायला लागले. सात टक्के, अकरा टक्के. लॅपटॉपचा पंखा घरघरत होता. कधी नव्हे तो मोठ्या डॉक्टरांनीही येऊन डोकावून बघितलं आणि शाबासकीच्या सुरात हुंकार दिला. त्रेचाळीसवर आकडा अडकला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. तिने रीस्टार्टला फोन लावला.

"हात लावू नका," तो म्हणाला. "जात असतं ते पुढे."

तुम्ही तर नेहमी बंद करून परत सुरू करायला सांगता, ती म्हणाली. या वेळी नाही, तो म्हणाला, या वेळी बंद केलं तर ना जुनं राहील ना नवं मिळेल. ती हात मांडीवर ठेवून बसली. वीस मिनिटांनी आकडा चव्वेचाळीस झाला आणि मग धावत सुटला.

अकरा वर्षांत पहिल्यांदा लॅपटॉप झटकन उघडला. जुन्या प्रोग्रॅमचं चित्र कोपऱ्यात करडं पडलं होतं. तिने ते दाबून बघितलं. हा प्रोग्रॅम या सिस्टीमवर चालू शकत नाही, एवढंच उत्तर आलं. तिने वडिलांची यंत्रं कपाटात टाकून कुलूप लावलं. दिवसभर तिला हलकं वाटत होतं, आणि त्या दिवशी आलेल्या प्रत्येक पेशंटशी ती गोड बोलली.

७

साडेपाचला ती घरी पोचली. खोलीत अजून ऊन होतं. वडील खुर्चीत बसले होते, तोंड उजवीकडे खिडकीकडे वळवलेलं, पाठ दाराकडे, कान मोकळे. त्या कानांशी कुणी ढोल बडवला असता तरी त्यांनी मान वळवली नसती. तिने स्वतः किती वेळा तपासले होते ते कान.

दारातून त्यांची पाठ बघून तिला भरून आलं. ऐकू जाणार नाही या भरवशावर माणूस बरंच काही बोलतो, तशी ती हळूच बोलली.

"बाबा, मी मुद्दाम केलं. मला भीती वाटली हो."

वडील जरासे डावीकडे झुकले. भिंतीकडे कान देऊन थांबले, एका वाक्याला लागेल एवढं. मग त्यांनी मान हलवली.

"कळलं मला, ठमे," ते मागे न बघता म्हणाले. "भिऊन कसं चालेल?"

खिडकीच्या काचेत आपलं तोंड दिसलं असेल. ओठ वाचले असतील. कितीतरी बहिरी माणसं वाचतात. कानवालीचं डोकं अजून काम करत होतं, आणि त्या डोक्याने तिला तिच्याच कामाकडे ढकललं. ओठ वाचणाऱ्याला पकडायची एक पद्धत असते. तोंडापुढे फाइल धरायची आणि ठरलेल्या यादीतले शब्द एका पट्टीत, हळू आवाजात वाचायचे. पेशंटने ऐकू आलेला शब्द उच्चारायचा. पंचवीस-पंचवीस शब्दांच्या अशा याद्या चार असतात आणि तिला त्या पाढ्यांसारख्या पाठ होत्या. वडिलांवर तिने फक्त पहिली वापरली होती. तिने पिशवीतून फाइल काढली, तोंडापुढे धरली, दाराच्या आड एक पाऊल मागे सरकली आणि चौथी यादी सुरू केली.

"चमचा," ती कुजबुजली.

वडील झुकले, थांबले. "चमचा."

"खिडकी."

झुकले, थांबले. "खिडकी."

"दोरा."

"दोरा."

तिने सात शब्द घेतले. सातही बरोबर. यंत्र घालून सुद्धा वडिलांना दहातले चार यायचे. फाइल तिने खाली केली नाही. आठव्या शब्दाच्या जागी, त्याच पट्टीत, त्याच हळू आवाजात तिने विचारलं.

"तुमच्या डावीकडे कोण आहे?"

वडील झुकले. या वेळी ते जास्त वेळ थांबले. मग त्यांचा चेहरा उजळला.

"पाऊल," ते म्हणाले.

चौथ्या यादीतला आठवा शब्द 'पाऊल' होता. तिने तो उच्चारला नव्हता.

"बाबा, हे मी म्हटलं नाही," ती म्हणाली, आता कुजबुजत नव्हती. "माझं ऐका. बाबा!"

ते झुकले. "कुलूप," ते म्हणाले.

नववा. कानवालीने तोंड घट्ट मिटलं. हाताने दाबून धरलं. वडील डावीकडे झुकत होते, थांबत होते, सांगत होते. "मासा." झुकले. "आरसा." झुकले. "बाहुली." शाळेतल्या हुशार मुलासारखे ते एकेक शब्द सांगत गेले, क्रमाने, एकही न चुकता. ती दारातून त्यांच्या पाठीमागे गेली, मागून त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी तो हात वारा लागावा तसा झटकला, कारण मधे कुणी बोललेलं त्यांना चालत नव्हतं.

पंचविसावा शब्द सांगून झाल्यावर ते समाधानाने मागे टेकले. मग परीक्षा दिलेला माणूस बघतो तसं भिंतीकडे बघून, मायेने भरलेल्या आवाजात त्यांनी विचारलं,

"सगळे बरोबर आले ना गं, ठमे?"

आणि उत्तर ऐकायला ते डावीकडे झुकले.